खर्जाचे माप

रात्री साडेनऊनंतर इंदिरानगरातल्या कोणत्याही सोसायटीच्या गॅलरीत उभे राहावे. रथचक्र चौकाकडून एखादी मोटार येते. ती दिसण्याआधी तिचा आवाज येतो, पण गाणे येत नाही. शब्द नाहीत, चाल नाही, गाणारा पुरुष आहे की बाई, याचाही पत्ता नाही. येतो तो नुसता ढम्, ढम्, ढम्. खिडकीची काच किणकिणते, मांडणीवरची ताटे एकमेकांना खेटून कुजबुजतात आणि आतल्या खोलीतून कोणीतरी म्हणते, "आला वाटतं परत तो!"

या 'तो'ची जन्मकथा मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. मोटारीच्या डिकीत एक लाकडी डबा असतो, त्यात बारा इंची किंवा पंधरा इंची स्पीकर असतो. दुकानदार त्याला सबवूफर म्हणतात, मुले 'बूफर' म्हणतात. संगीताच्या भाषेत सांगायचे तर हे खर्ज वाजवण्याचे यंत्र आहे. साध्या स्पीकरला न पेलणारे सर्वांत खालचे स्वर, साधारण २० ते ८० हर्ट्झपर्यंतचे, वाजवायचे एवढेच त्याचे काम. गेल्या उन्हाळ्यात असा एक डबा पहिल्या रेघेपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत तयार होताना पाहण्याचा योग आला आणि त्या डब्याकडे बघण्याची माझी दृष्टी पार बदलली. राग गेला असे नाही, पण तो कशावर धरायचा हे कळले.

निमित्त पुतण्याचे. जुनी छोटी मोटार घेतल्यावर त्याला बूफर हवा झाला. बाजारात तयार डबे मिळतात. मखमली कापड लावलेले, पुढे निळे दिवे लुकलुकणारे. पण त्याने स्पीकर वेगळा घेतला होता आणि त्याच्यासोबतच्या कागदावरचे आकडे घेऊन तो माझ्याकडे आला. आयुष्य कारखान्यात मापे घेण्यात गेल्यामुळे घरात मला 'आकडेवाले काका' अशी पदवी आहे. आम्ही दोघे वडाळा-पाथर्डी रस्त्याच्या बाजूला गाळा असलेल्या एका सुतार मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्री एरवी स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या आणि भिंतीतली कपाटे करतात. त्यांनी स्पीकर हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "एवढा भारी स्पीकर आहे, तर मग त्याला डबा कशाला पाहिजे?"

प्रश्न लाखमोलाचा होता. उत्तर देण्याऐवजी आम्ही गाळ्यातच एक प्रयोग केला. स्पीकर उघडाच हातात धरून वाजवला. कागदाचा पडदा जोरजोरात आतबाहेर होत होता, पण खर्ज जवळजवळ नव्हताच. मग मिस्त्रींनी एका मोठ्या प्लायच्या तुकड्याला भोक पाडले आणि स्पीकर त्याला टेकवला. तोच स्पीकर, तेवढाच विजेचा प्रवाह, आणि एकदम भरदार आवाज! मिस्त्री चकित झाले.

यात जादू नाही. पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे स्पीकर एकाच वेळी दोन आवाज काढतो आणि ते एकमेकांच्या बरोबर उलट असतात. उंच स्वरांच्या लहरी आखूड, त्या सरळ समोर निघून जातात. पण ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटर असते. ती वीतभर स्पीकरला सहज वळसा घालते, पुढचा आवाज मागच्याला भेटतो आणि दोघे एकमेकांना पुसून टाकतात. डब्याचे खरे काम आवाज वाढवणे हे नाहीच. मागच्या आवाजाला कोंडून ठेवणे हे त्याचे काम. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राइस आणि केलॉग या दोन अभियंत्यांनी १९२५ साली आजच्या पद्धतीच्या स्पीकरचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हापासून गेली शंभर वर्षे मागच्या आवाजाचे काय करायचे हा प्रश्न स्पीकरवाल्यांच्या मागे लागलेला आहे.

त्याची दोन मुख्य उत्तरे निघाली. एक म्हणजे डबा सर्व बाजूंनी बंद करून टाकायचा. आत कोंडलेली हवा मग उशीसारखी, किंबहुना स्प्रिंगसारखी वागते. पडदा आत आला की ती दाबली जाते आणि त्याला परत ढकलते. या हवेच्या स्प्रिंगचा जाणीवपूर्वक उपयोग करून एडगर व्हिल्चर या अमेरिकन संशोधकाने १९५४ साली आपला छोटा बंद स्पीकर बाजारात आणला आणि कपाटाएवढ्या डब्यांचे काम पुस्तकांच्या फळीवर बसणाऱ्या डब्याने करून दाखवले. दुसरे उत्तर म्हणजे डब्याला मोजूनमापून नळी बसवायची. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती जशी एका ठरावीक स्वरात घुमते, तसा हा डबा घुमतो आणि मागचा आवाज उलटा न राहता पुढच्याच्या मदतीला येतो. याचे पेटंट अल्बर्ट थुरास यांना १९३२ साली मिळाले. रस्त्यावरून जाताना ताटे हलवणारे डबे बहुधा या नळीवाल्या जातीचे असतात. नळीमुळे दणका वाढतो. पण नळीच्या स्वराच्या खाली गेले की आतल्या हवेचा पडद्यावरचा आधार सुटतो आणि तो मोकाट हेलकावे खाऊ लागतो.

आम्ही बंद डबा निवडला. आता तो केवढा करायचा? "डिकीत बसेल तेवढा मोठा करू," असे मिस्त्रींचे म्हणणे. पुतण्याचेही तेच. मोठा डबा म्हणजे मोठा आवाज, ही समजूत सगळीकडेच आहे. पण प्रत्येक स्पीकरचे आपले एक माप असते. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि त्यांच्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात हे माप गणितात बांधले. आज कोणत्याही चांगल्या स्पीकरच्या कागदावर जे आकडे असतात, ते या दोघांच्या नावाने ओळखले जातात. त्यातले तीन आकडे पुरतात. स्पीकर मोकळा असताना ज्या स्वरात डोलतो तो आकडा, त्याचे डोलणे किती लवकर आवरते तो आकडा आणि त्याच्या पडद्याचा ताठपणा किती लिटर हवेच्या ताठपणाएवढा आहे तो आकडा. आमच्या कागदावर अनुक्रमे २८ हर्ट्झ, ०.४५ आणि ५० लिटर असे लिहिले होते.

हिशेब दहावीच्या मुलाला जमेल असा आहे. समजा डबा ३४ लिटरचा केला. ५० ला ३४ ने भागा, त्यात १ मिळवा आणि वर्गमूळ काढा. उत्तर येते १.५७. याने ०.४५ ला गुणले की ०.७१ येतात. हा ०.७१च्या आसपासचा आकडा म्हणजे बंद डब्याचा सुवर्णमध्य, कारण तिथे खर्ज न फुगता सपाट राहतो आणि मग अलगद उतरतो. त्याच १.५७ ने २८ ला गुणले की ४४ येतात, म्हणजे डब्यात बसल्यावर हा स्पीकर ४४ हर्ट्झवर डोलेल. आता जागा वाचवायची म्हणून १५ लिटरचा डबा केला तर? हेच गणित ०.९४ आणि ५८ हर्ट्झ असे उत्तर देते. म्हणजे खोल खर्ज गेला आणि ५८ हर्ट्झच्या आसपास एक फुगवटा आला. कोणतेही गाणे लावा, त्याच एका स्वरात घुमणार. बाजारातल्या पुष्कळ डब्यांमध्ये जे ऐकू येते ते असे असते आणि त्यालाच मुले 'बेस' म्हणतात.

माप ठरल्यावर मिस्त्री कामाला लागले. पेन्सिल कानामागून काढत त्यांनी विचारले, "काका, हे माप आतलं की बाहेरचं?" ज्याला हा प्रश्न सुचतो तो खरा कारागीर. ३४ लिटर हवी तर स्पीकरच्या लोहचुंबकासाठी २ लिटर आणि आतल्या आधाराच्या पट्टीसाठी १ लिटर धरून आतून ३७ लिटर लागतात. आम्ही आतले माप ३४ बाय ४० बाय २७.२ सेंटिमीटर ठरवले. १८ मिलिमीटर जाडीचा एमडीएफ वापरला की बाहेरचे माप ३७.६ बाय ४३.६ बाय ३०.८ होते, म्हणजे डिकीतली साडेपन्नास लिटर जागा गेली. उलट ३४-४०-२७.२ हेच बाहेरचे माप समजून फळ्या कापल्या असत्या, तर आत जेमतेम २६ लिटर उरले असते. दोन फळ्यांच्या जाडीत अकरा लिटर हवा हरवते, हे मिस्त्रींनी बोटांवर मोजून पाहिले आणि हसून म्हणाले, "कपाटात कधी हवा मोजली नव्हती."

एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू डिंकासारख्या रसायनात दाबून केलेली फळी. सागवानाचा तोरा तिला नाही, पण ती सगळीकडे सारख्या घनतेची असते, तिला रेषा नाहीत, गाठी नाहीत, म्हणून ती सहजी नादत नाही. तिच्या कडेत स्क्रू तसाच घातला की ती फाटते, म्हणून आधी बारीक भोक पाडावे लागते. सांध्यांना फेव्हिकॉल, त्यावर शिकंजे आवळून एक रात्र, मग आतून सिलिकॉन. समोरासमोरच्या मोठ्या फळ्यांमध्ये एक आडवी पट्टी, म्हणजे त्या फुगू शकत नाहीत. आत उशीतला पॉलिस्टर कापूस सैलसर भरला. त्यामुळे डबा आहे त्याहून थोडा मोठा असल्यासारखा वागतो. सगळे झाल्यावर मिस्त्रींनी उदबत्ती पेटवली. मला वाटले, देवाची. पण त्यांनी खर्जाचा एक सलग स्वर लावून ती प्रत्येक सांध्यापाशी फिरवली. धूर कुठे थरथरतो का ते पाहायला. एका कोपऱ्यात थरथरला, तिथे पुन्हा सिलिकॉन भरले. ही युक्ती त्यांची स्वतःची, कोणी शिकवलेली नाही.

त्यांचे काम पाहताना मला मिरजेची आठवण झाली. तिथले तंबोरा करणारे कारागीर पंढरपूरच्या बाजूचे भोपळे निवडून आणतात, वाळवतात आणि त्यांना आकार देतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांचा भोपळा आणि आमचा डबा ही दोन्ही हवा कोंडणारी भांडी, पण दोघांचा धर्म अगदी उलटा. भोपळा नादलाच पाहिजे, त्याच्या नादासाठीच तो तिथे असतो. बूफरचा डबा मात्र अजिबात नादता कामा नये. त्याने स्वतःचा एकही स्वर गाण्यात मिसळायचा नाही. ज्याचे असणे ऐकू येत नाही, तोच डबा उत्तम.

रिकामा डबा नऊ किलो भरला, स्पीकर बसवल्यावर पंधराच्या घरात गेला. एवढे वजन डिकीत नुसते ठेवून देणे धोक्याचे असते. करकचून ब्रेक लागला की ते मागच्या सीटवर येऊन आदळणार, म्हणून तो पट्ट्यांनी आवळला. अॅम्प्लिफायरने ३०० वॅट द्यायचे ठरवले तर बॅटरीतून सुमारे २७ अँपिअर प्रवाह ओढला जातो. इतका प्रवाह नेणारी तार पत्र्यावर घासून उघडी पडली तर मोटारीला आग लागू शकते. म्हणून तार जाड हवी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळच हवा. डिकीत अॅम्प्लिफायरपाशी लावलेला फ्यूज अॅम्प्लिफायरला वाचवतो, मधल्या तारेला नाही. या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नयेत.

पहिल्यांदा वाजवले तेव्हा पुतण्याचा चेहरा पडला. "काका, मित्राच्या गाडीसारखं छातीत वाजत नाही!" मी त्याला तबल्याची एक जुनी ध्वनिमुद्रिका लावायला सांगितली. डग्ग्यावर मनगट दाबून पुढे सरकवले की स्वर वर चढतो, तो घिस्सा. मित्राच्या मोटारीत तो एका जागी 'ढुम्' एवढाच वाजायचा. इथे तो सरकताना ऐकू येत होता, खालून वर, अखंड. पुतण्या गप्प झाला. मग त्याने आपली नेहमीची गाणी लावली आणि मधेच म्हणाला, "अरे, यात बेस गिटार वेगळी आहे की!" इतकी वर्षे ती फुगवट्याखाली दबलेली होती.

छोट्या मोटारीने यात मदतच केली. आतली लांबी पावणेतीन मीटरच्या आसपास असेल, तर साधारण ६० हर्ट्झच्या खाली लहरीला आत मावायला जागाच नसते. काचा बंद असल्या की सगळी मोटारच मग एक दाबाची पेटी होते आणि खोल खर्ज आपोआप उचलला जातो. बंद डब्याचा अलगद उतार आणि मोटारीचा हा चढ एकमेकांना बऱ्याच अंशी सांभाळून घेतात. म्हणून मोटारीत एका बेताच्या डब्यात काम भागते. दोन पंधरा इंची स्पीकर लावणाऱ्याला हे माहीत नसते, किंवा त्याला ऐकायचे नसून ऐकवायचे असते.

आणि इथे डब्याच्या बाहेरची गोष्ट सुरू होते. पुतण्याला खाली मोटारीत बसवून मी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत आलो. काचा बंद. गाण्यातला एक शब्द ऐकू येईना, झांज नाही, बासरी नाही. ढम् मात्र येत होता. हे असेच होणार. पत्रा असो, काच असो की विटांची भिंत, तिचा ढोबळ नियम असा की आवाजाची वारंवारता निम्मी झाली की तिची अडवण्याची ताकद ६ डेसिबलने घटते. ४,००० हर्ट्झच्या झांजेपासून ४० हर्ट्झच्या खर्जापर्यंत आले की हा फरक जवळजवळ ४० डेसिबलचा होतो. मोटार जणू चाळणी होते. गाणे आत राहते, मालकाकडे. बाहेर गाळून येतो तो केवळ दणका, आणि तो शेजाऱ्याच्या वाट्याला येतो. आत बसलेल्याला वाटते, एवढे छान गाणे, लोक चिडतात का? लोकांपर्यंत गाणे पोचलेलेच नसते.

कायदा याला आवरत नाही का? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये यावर सविस्तर निकाल दिला. त्या खटल्याच्या मुळाशी एक भयंकर घटना होती. बलात्कार होत असलेल्या तेरा वर्षांच्या मुलीच्या किंकाळ्या शेजारच्या ध्वनिवर्धकाच्या गोंगाटात बुडून गेल्या होत्या. २०१० साली नियमांत भर पडली. खाजगी ध्वनियंत्रणेचा आवाज खाजगी जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त असता कामा नये. धावत्या मोटारीची हद्द कोणती, हे ज्याचे त्याने ठरवावे!

पण खरी मेख मीटरमध्ये आहे. नियमातले डेसिबल 'ए' पद्धतीने मोजतात. मंद आवाजाला माणसाचा कान जसा प्रतिसाद देतो, तसे हे मीटर खर्जाला कमी वजन देते. ४० हर्ट्झला ते सुमारे ३५ डेसिबल वजा करते. म्हणजे प्रत्यक्षात ९० डेसिबलचा ४० हर्ट्झचा निव्वळ स्वर मीटरवर ५५ दिसतो, दिवसाच्या मर्यादेत अगदी काठावर! काच थरथरते, आजीची झोप मोडते आणि कागदोपत्री सगळे ठीक. त्यामुळे तक्रार करणाऱ्याला पुष्कळदा हट्टी ठरवले जाते. तो हट्टी नसतो, त्याला जे जाणवते ते मीटर पुरते मोजतच नाही.

आम्हा नाशिककरांना खर्जाचे वावडे आहे असे कोणी समजू नये. नाशिकचा ढोल मुंबई-पुण्याला मिरवत जातो. पण ढोल येतो तो सणाला, दिवसाउजेडी, आणि त्याच्यामागे वाजवणाऱ्यांचे घामाघूम चेहरे असतात. लोक गॅलरीत येतात ते त्याला पाहायला. महामार्गाखालच्या बोगद्यातून ढम् ढम् करत जाणाऱ्या मोटारीच्या काचा मात्र काळ्या असतात.

आत बसणाऱ्याचीही यातून सुटका नाही. आठवड्याला ४० तासांसाठी ८० डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली सुरक्षित मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८९ डेसिबलला पाच तास, ९२ ला अडीच. कानातल्या ज्या नाजूक पेशी एकदा मरतात, त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. विशीतला दणका साठीत वसूल होतो.

इंदिरानगरात अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करून दिवसा झोपणारी माणसे आहेत, बारावीची मुले आहेत, नुकतीच बाळंत झालेली लेक माहेरी आलेली आहे. त्यांच्यापैकी कोणाचाही डब्याच्या गणितात आकडा नाही. थील आणि स्मॉल यांच्या सूत्रात तो येणारही नाही, तो करणाऱ्यानेच मिळवायचा असतो. पुतण्याने आपल्यापुरता तो मिळवला. सोसायटीच्या फाटकापाशी तो बूफर बंद करतो. वरच्या गाण्याचे चार स्पीकर चालू असतात, खर्ज तेवढा थांबतो. त्यासाठी त्याने डॅशबोर्डवर एक साधी खटकी बसवून घेतली आहे, साठ रुपयांची.

मिस्त्रींकडे आता तरुण मुले डबे करून घ्यायला येतात. ते आधी स्पीकरचा कागद मागतात, लिटर काढतात आणि आकडा फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवतात. "मोठा करा," असा हट्ट कोणी धरलाच, तर ते म्हणतात, "मोठा करायला माझं काय जातं? फळीचे पैसे जास्त मिळतील. पण भाऊ, खटकी बसवणार असशील तर सांग, तिची जागा आत्ताच काढून देतो."